भाड्याचं घर मिळतंय, गाडीला जागा मिळंना

अंबाजोगाईत भाड्यानं घर मिळणं अवघड नाही. चारचाकी लावता येईल असं घर मिळणं अवघड आहे. बदली होऊन आल्यापासून हाच उद्योग चालू आहे. आणि हे एकट्या अंबाजोगाईचं दुखणं नाही. परळी, केज, उदगीर, कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या भाडेकरूला विचारा.

गावात जागा नाही, हे कारण मला पटत नाही. नवीन इमारतींच्या खाली खांबांवर मोकळा मजला सोडलेला असतो. पाच-सहा महिन्यांनी जाऊन बघा, तिथं शटर लागलेलं असतं. एकात मेडिकल, दुसऱ्यात झेरॉक्स, कोपऱ्यात क्लासेस. वरच्या भाडेकरूच्या गाड्या मग रस्त्यावर, आणि रस्ता अरुंद म्हणून ओरडायला पुन्हा आपणच.

स्वतंत्र घरांची तऱ्हा वेगळी. परवा एक मालक म्हणाले, "लावा की गाडी, कोण नाही म्हणतंय?" फाटक उघडलं तर ते आतल्या बाजूला उघडतं, म्हणजे तीन-चार फूट तिथंच गेले. पुढं त्यांची स्कूटी, कूलरचा सांगाडा आणि बरोबर मधोमध हौदाचं झाकण. "तेवढं हौदावर चाक नका येऊ देऊ, फरशी दबती." नळाचा भरवसा नाही म्हटल्यावर हौद पाहिजेच, त्यावर तक्रार नाही. उन्हाळ्यात टँकरचा पाइपही तिथूनच आत येणार. पण माझी वॅगनआर छोटी म्हटली तरी बारा फूट लांब आहे. ती लावायची कुठं, जिन्यात?

(कुठलं गाव, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, ही चौकशी मात्र सगळीकडं गाडीच्या आधी होते. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागंल.)

नियम नाहीत असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, ती नगरपरिषदांनाही लागू आहे. एका कारसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरायची, असं त्यात आहे. खांबांखालची पार्किंग ही इमारतीची सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय.

आपण भाडेकरूही कमी नाही. डिपॉझिट रोख मोजायचं, "घरचेच आहात, कागद कशाला" ऐकून मान डोलवायची, आणि दोन महिन्यांनी मालकाच्या जावयाची गाडी आली की आपली बाहेर काढायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणतो ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकमंडळींनी हे वाचलं असतं तर स्वतःच दुय्यम निबंधकाकडं पळाले असते. अकरा महिन्यांचा करार करताना कुठली जागा, किती बाय किती, एवढी एक ओळ त्यात घालून घ्या. मी तर आता खिशात टेप घेऊनच घर बघायला जातो. लोक हसतात, हसू द्या.

तर, मेडिकल कॉलेजच्या बाजूला टू बीएचके कुणाच्या पाहण्यात असंल तर इनबॉक्समध्ये कळवा. भाडं थोडं जास्त चालंल. फाटक सरकतं असंल तर आजच येतो बघायला.