लांडगा पटतो, मग प्रेम का नाही?

दोन पुरुषांच्या प्रेमाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरचे तेच तेच अभिप्राय वाचून डोकं उठलंय. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, तीनशे वर्षांचा रक्तपिपासू तरणाबांड दिसतो, ड्रॅगन बोलतो, हे सगळं वाचकाला निमूट पटतं. पण त्या लांडग्याचा जीव दुसऱ्या पुरुषावर जडला की लगेच, "हे काही पटलं नाही, उगाच घुसडलंय." अहो, घुसडलंय काय? ती प्रेमकथाच त्या दोघांची आहे! मुखपृष्ठावर दोघे आहेत, मलपृष्ठावर स्पष्ट छापलंय.

वर "हल्लीचं फॅड" हा शेरा आहेच. आयरिश लेखक शेरिडन ले फानूची 'कार्मिला' ही लघुकादंबरी १८७२ सालची. त्यातली रक्तपिपासू स्त्री एका तरुणीवर आसक्त आहे. 'ड्रॅक्युला' आला १८९७ मध्ये, तब्बल २५ वर्षांनी. कसलं हल्लीचं?

आणि सगळ्यात संताप येतो तो "यांच्यातली बायको कोण?" या प्रश्नाचा. कुणीच नाही! दोघेही पुरुष आहेत.

कथानक ढिसाळ असेल, जादूचे नियम मध्येच बदलत असतील, 'नियतीने ठरवलेला जोडीदार' म्हणत संमतीच गुंडाळून ठेवली असेल (हे फार वेळा होतं), तर जरूर झोडा. मीही झोडते. पण त्यावर कुणी चार ओळी लिहायला तयार नाही.