मोडेमचा किरणोत्सव

वळवाच्या पहिल्याच पावसात शिवाजी पेठेवर अशी एक वीज कडाडली की आमचा जुना मोडेम तिच्याबरोबरच निघून गेला. दोन दिवसांनी केबलवाला मुलगा नवा मोडेम घेऊन आला, छपरावरून उतरणारी जाड काळी केबल त्याने मागच्या टोकाला पिळून घट्ट केली आणि बटण दाबले. आम्ही सारे घर भोवती उभे होतो. आधी विजेचा दिवा लागला, मग येणाऱ्या सिग्नलचा बराच वेळ लुकलुकून स्थिर झाला, मग जाणाऱ्याचा आणि शेवटी चौथा, 'ऑनलाइन' असे लिहिलेला. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे पहिल्या दिवशी चरणांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात, तसाच हा प्रकाश पायरीपायरीने वर चढला, आणि माझ्या आईने सवयीने हात जोडले.

मुलाने माझा लॅपटॉप मोडेमला जोडून नेट चालू असल्याचे दाखवले, सही घेतली आणि तो गेला. या लॅपटॉपमध्येच पुढच्या तीन दिवसांच्या दुःखाचे मूळ आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

संध्याकाळी मी मोडेम शोकेसच्या मागे, आमच्या लग्नाच्या फोटोआड नीट बसवला आणि घरभर वायफाय पसरवणारा राउटर त्याला जोडला. वायफायच्या पट्ट्या पूर्ण भरल्या, पण नेटचा पत्ता नव्हता. पहिली चूक माझीच होती. मोडेमकडून येणारी वायर मी राउटरच्या पिवळ्या भोकांपैकी एकात खोचली होती, आणि ती भोके घरातल्या यंत्रांसाठी असतात. बाहेरून येणाऱ्या नेटसाठी शेजारी वेगळे निळे भोक होते. चष्मा न लावता केलेल्या कामाचे हे फळ मी कोणाला कळू न देता दुरुस्त केले. तरीही नेट नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर, म्हणजे १९२.१६८.०.१ या पत्त्यावर जाऊन पाहिले, तर बाहेरच्या जोडणीसमोर ०.०.०.० असा चार शून्यांचा निकाल लागलेला होता, म्हणजे मोडेमकडून काहीच मिळालेले नव्हते. शाळेतही मला एका वेळी इतकी शून्ये कधी मिळाली नव्हती.

केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "लॅपटॉपवर चालतंय न्हवं काका? मग आमच्याकडनं क्लिअर आहे. राउटर बघा तुमचा." राउटर पिशवीत घालून राजारामपुरीत नेला, तर दुकानदाराने तो आपल्या वायरीला जोडून अर्ध्या मिनिटात चालवून दाखवला आणि म्हणाला, "राउटर एक नंबर आहे साहेब, मोडेमवाल्याला धरा." दोघांचेही म्हणणे पुराव्यानिशी खरे होते, आणि दोन निर्दोष आरोपींच्या मध्ये फिर्यादी तेवढा मूर्ख ठरत होता.

या कोड्याचा उलगडा दुकानातल्या एका पोराने केला. प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा एक मॅक पत्ता असतो, आणि बरेच केबल मोडेम चालू झाल्यावर जे यंत्र पहिले भेटेल त्याचा पत्ता लक्षात ठेवून फक्त त्यालाच नेट देतात. आमच्या मोडेमची पहिली ओळख लॅपटॉपशी झाली होती, त्यामुळे नंतर आलेला राउटर त्याच्या लेखी परका होता. "लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये उतरवला तरी चालतंय," तो म्हणाला, "पण त्यापेक्षा मोडेम बंद करा, दोन मिनिटं थांबा, राउटर जोडूनच चालू करा. वीज गेली की त्याची आठवण पुसली जात्या." केबलवाल्यानेही फोनवर हेच सांगितले होते, फक्त कारण सांगितले नव्हते, आणि कारण न सांगता दिलेला सल्ला मी सहसा ऐकत नाही.

घरी येऊन भिंतीवरचे बटण बंद केले, घड्याळ लावून दोन मिनिटे मोजली आणि चालू केले. चार शून्ये. मग पाच मिनिटे मोजली, मग जेवण होईपर्यंत बंद ठेवले, मग चांगले दोन तास. परत चालू करून पाहतो तर तीच चार शून्ये. मुलगा शेजारच्यांच्या वायफायवर अभ्यास करायला जाऊ लागला, आणि त्यांच्याकडे रोज सकाळी मिसळ असल्यामुळे परत यायचे नाव घेईना. पत्नीने तर या मोडेमचा स्वभाव आमच्या घराण्यावर गेला असल्याचे दोनदा सुचवले.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा बटण बंद करून घड्याळ लावत असताना, आई फोटोवरची धूळ पुसायला शोकेसपाशी गेली. फोटो हातात घेऊन ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, त्या पोरानं लावला तवा दिवे एकेक करून लागलेले. तू बंद केलास म्हणतोस, मग हे चारीच्या चारी जळतात कशानं?"

मी मागे वाकून पाहिले. मोडेमची वायर तळहाताएवढ्या एका काळ्या डबीत शिरली होती आणि त्या डबीतून दुसरी वायर भिंतीकडे गेली होती. वीज गेली तरी नेट जाऊ नये म्हणून मागच्या उन्हाळ्यात मीच हौसेने विकत आणलेला तो छोटा यूपीएस होता. मी बटण बंद केले की तो इमानाने मोडेमला बारा व्होल्ट पुरवत राहायचा, आणि मोडेम जागाच राहून लॅपटॉपची आठवण जपायचा. मी तीन दिवस बंद करत होतो तो फक्त यूपीएसचा चार्जर.

डबीतून मोडेमची पिन उपसली तेव्हा चारही दिवे प्रथमच विझले. दोन मिनिटे घरात कोणी बोलले नाही. पिन परत लावली. पहिला दिवा लागला, दुसरा लुकलुकला, तिसरा, आणि बऱ्याच विलंबाने चौथा. राउटरच्या पानावरची शून्ये जाऊन तिथे खरेखुरे आकडे आले. आईने याही वेळी हात जोडले, आणि मीही.

तेवढ्यात केबलवाल्याचा फोन आला. "काय काका, बंद करून चालू केला काय?"

"केला. लागलं नेट."

"मग? पहिल्या दिवसापासनं तेच तर सांगालतो की."