रिव्ह्यूला उत्तर: फॅमिकॉम फ्लॅश कॅसेटचा नवीन बोर्ड, वाढलेली किंमत आणि आवाजाचा प्रॉब्लेम

नमस्कार सर, रिव्ह्यू नीट वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की निन्टेंडोच्या जुन्या फॅमिकॉम गेम कन्सोलसाठीचा आमचा आधीचा फ्लॅश कॅसेट बोर्ड (ज्यावर गेम भरून कॅसेटसारखा लावता येतो) मस्त चालायचा, नवीन व्हर्जनला साडेतीनशे रुपये जास्त लावले आणि दिलं काय तर चार बारक्या चिप, बाहेर हीच मेमरी असलेला बोर्ड त्या चिपशिवाय निम्म्या किमतीत मिळतो आणि चालतो पण, आणि वर आमचा लावल्यावर चित्र येतं पण आवाज येत नाही.

आधी किमतीचं बोलतो. जुन्या बोर्डवर ३९एसएफ०४० फ्लॅश, म्हणजे गेम साठवणारी मेमरी चिप आहे, ५१२ केबीची, ती थेट ५ व्होल्टवर चालते आणि फॅमिकॉमचा स्लॉटही ५ व्होल्टचाच, त्यामुळे मधे काही लागतच नाही. पण स्वतः गेम बनवणारी मंडळी सारखी विचारत होती की मेमरी वाढवा. आता त्याच्या वरच्या साइजची ५ व्होल्टची फ्लॅश नवीकोरी मिळणं मुश्किल झालंय, मिळते ती बरीचशी जुन्या बोर्डवरून उपटून पाय सरळ करून विकलेली, असला माल मी गिऱ्हाइकाच्या हातात देणार नाही. म्हणून ४ एमबीची २९एलव्ही३२० घेतली आणि ती ३.३ व्होल्टची आहे, सगळा खर्च इथूनच सुरू होतो.

त्या चार चिपमधली एक रेग्युलेटर, म्हणजे ५ व्होल्टचे ३.३ करून फ्लॅशला वीज देणारी, बाकी तीन लेव्हल शिफ्टर, म्हणजे ५ आणि ३.३ व्होल्टच्या सिग्नलची अदलाबदल करणाऱ्या. शिफ्टर न टाकता ३.३ ची फ्लॅश सरळ कन्सोलच्या ५ व्होल्टच्या सिग्नल लाइनवर जोडली तरी गेम सुरू होतो, यात तुमचं बरोबर आहे, स्वस्त बोर्डवाले तेच करतात. पण तेव्हा फ्लॅशच्या आतल्या संरक्षणाच्या डायोडमधून करंट वाहायला लागतो, आणि तो जादा करंट येतो कुठून, तर तुमच्या कन्सोलच्या सीपीयूच्या, म्हणजे मुख्य चिपच्या पायातून. फॅमिकॉम १९८३ चं मशीन आहे सर, त्यातला रिको कंपनीचा २ए०३ सीपीयू आज कोणी नवीन बनवत नाही. माझा बोर्ड गेला तर दुसरा पाठवता येईल, तो सीपीयू गेला तर मी कुठून आणून देऊ?

डेटा लाइनवर तर अजून काळजी घ्यावी लागते कारण तिथे माहिती दोन्हीकडे जाते. तो शिफ्टर कुठल्या दिशेने चालायचा हे कन्सोलची रीड-राइटची लाइन ठरवते आणि तो चालू कधी व्हायचा हे रॉमसेल (कॅसेटमधली गेमची मेमरी निवडणारी कन्सोलची लाइन) ठरवते, नाहीतर सीपीयू आणि शिफ्टर एकाच तारेवर एकमेकांविरुद्ध जोर लावत बसले असते. वाचवता येईल तिथे पैसे वाचवलेत पण, चित्रांचा डेटा ठेवायच्या बाजूला ५ व्होल्टचीच रॅम ठेवली म्हणून तिथे शिफ्टर टाकावेच लागले नाहीत.

आता आवाज. फॅमिकॉममध्ये आवाज सरळ टीव्हीकडे जात नाही, तो ४५ नंबरच्या पिनवरून कॅसेटमध्ये येतो आणि ४६ वरून परत जातो, म्हणजे कॅसेटमध्येच जादा साउंड चिप असेल तर तिचा आवाज त्यात मिसळता यावा अशी ती सोय आहे. आमच्या बोर्डवर या दोन पिन आपसात जोडलेल्या आहेत आणि पाठवण्याआधी प्रत्येक बोर्ड आवाजासकट चालवून बघतो. चित्र येतंय आणि आवाज गायब म्हटल्यावर पहिला संशय स्लॉटमधल्या त्या दोन पिनच्या धातूच्या पट्ट्यांवर. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कापसाच्या काडीने स्लॉट आणि बोर्डची सोनेरी कड दोन्ही पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मग लावा, पॉवर बंद ठेवून बरं का.

तरी आवाज आला नाही तर ऑर्डरवरच्या नंबरला स्लॉटचा फोटो आणि छोटा व्हिडिओ पाठवा, बोर्ड बदलून देतो, कुरिअर आमच्याकडून. आणि ५१२ केबी पुरत असेल तर जुना बोर्ड बंद केलेला नाही, तो घ्या, हा परत करा, वरचे साडेतीनशे परत मिळतील.