लेवे, जॅझ आणि चांगल्या गाण्याची भूक

गायिका लेवेचं नाव निघालं की दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, या मुलीने जॅझला वाचवलं. दुसरं, हे जॅझच नव्हे, वरून जॅझचं अत्तर शिंपडलेलं पॉप आहे. मला दोन्ही पटत नाहीत, आणि पहिलं तर अजिबातच नाही. तिचं गाणं मला मनापासून आवडतं, म्हणूनच त्याबद्दल नीट बोललं जावं असं वाटतं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

ज्यांनी तिला ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. लेवे (स्पेलिंग पाहून 'लौफे' वाचलं जातं, पण इंग्रजीत बोलताना ती स्वतः 'लेवे' म्हणते) आइसलँडची, जन्म १९९९ चा. वडील तिथलेच, आई चिनी. आई लिन वेई आइसलँड सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते आणि आजोबा लिन याओजी बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्व्हेटरीत व्हायोलिनचे नामवंत गुरू होते. जुळी बहीण जुनिया, तीही व्हायोलिन वाजवते. लेवेच्या हाती आधी पियानो आला, मग चेलो. पंधराव्या वर्षी ती आईच्याच ऑर्केस्ट्राबरोबर एकल चेलोवादक म्हणून मंचावर बसली. पुढे बॉस्टनच्या बर्कली या संगीताच्या कॉलेजात शिकायला गेली. २०२० मध्ये सगळं जग घरात बसलं असताना ती जुनी जॅझ गाणी गाऊन त्यांचे व्हिडिओ टाकू लागली आणि लोकांचे कान टवकारले. २०२३ चा 'बिविच्ड' हा तिचा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या जॅझ यादीत पहिला आला. त्याच अल्बमला २०२४ साली ग्रॅमी मिळाली, पण ती 'ट्रॅडिशनल पॉप व्होकल' या विभागात. यादीवाल्यांनी तिला जॅझमध्ये बसवलं, बक्षीसवाल्यांनी पॉपमध्ये. माझ्या मते बक्षीसवाल्यांचं बरोबर आहे. का, ते पुढे सांगते.

आधी गाण्याबद्दल. हल्लीच्या बऱ्याचशा पॉप गाण्यांत तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) असतात आणि तेच चक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहतं. त्यावरही सुरेख गाणी झाली आहेत, नाही असं नाही. लेवेच्या गाण्यात मात्र सुरांखालची जमीन सारखी सरकत असते. तंबोऱ्यावर पोसलेल्या आपल्या कानांना याची मजा वेगळीच कळते. आपल्याकडे षड्ज अढळ, बाकीचे सूर त्याच्या नात्याने ओळखायचे. जॅझच्या वळणाच्या गाण्यात हे नातंच बदलत जातं. समजा गायिकेने पियानोवरचा 'सी' हा सूर धरून ठेवला आहे. खाली सी मेजर वाजली की तो सूर षड्जासारखा वाटतो. कॉर्ड बदलून ए फ्लॅट मेजर झाली की तोच सूर शुद्ध गंधार होतो. एफ मेजर आली की पंचम. डी मायनर सेव्हन्थ आली की कोमल निषाद. गायिका जागची हललेली नाही आणि सुराचा भाव चार वेळा पालटला. घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर जरूर वाजवून बघा. एक सूर दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने खालच्या कॉर्ड बदलत जायच्या. मला हे पहिल्यांदा कानाने उमगलं तेव्हा मी तासभर पेटीवरून उठले नव्हते.

लेवे हे सगळं करते कशासाठी? एकतर्फी प्रेमासाठी, लाजण्यासाठी, 'मी कुणालाच आवडणार नाही' या किशोरवयातल्या भीतीसाठी. विषय अगदी साधे, कधीकधी डायरीतल्या पानासारखे. पण शब्द जे सांगायला कचरतात ते कॉर्ड सांगतात. ओठांवर 'मी ठीक आहे' आणि खाली सुरावट ठीक नसल्याचं कळवते आहे, अशा जागा तिच्या गाण्यात बऱ्याच सापडतात. शब्द आणि स्वरसंगती यांना असं एकमेकांविरुद्ध बोलायला लावणं सोपं नाही. त्यासाठी दोन्हींवर हुकमत लागते आणि ती या मुलीकडे आहे.

आवाज खालच्या पट्टीचा, उबदार, आणि कंप फार मोजका. सूर लांबवताना ती चेलोवरचा गज ओढावा तशी ओढते आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना हलकी मींड घेते. वाद्य आधी हाती आलेल्या गायकांच्या गळ्यात ही शिस्त दिसते. या हळू आवाजाचीही एक परंपरा आहे. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज संपली. बिंग क्रॉस्बीसारखे गायक माइकच्या जवळ जाऊन कानात बोलल्यासारखे गाऊ लागले. मग चेट बेकर. मग ब्राझीलमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस जुआओ जिल्बर्टोने सांबाचा ठेका एका गिटारवर उतरवला, आवाज कुजबुजीच्या जवळ आणला आणि बोसा नोव्हा जन्माला आला. लेवेचं २०२३ मधलं सगळ्यांत गाजलेलं गाणं बोसा नोव्हाच्याच अंगाचं आहे. म्हणजे सतरा-अठरा वर्षांची मुलं रिओ द जानेरोची लय गुणगुणत होती आणि त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ताही नव्हता. मला यात काही गैर वाटत नाही. लय आधी अंगात शिरते, तिचं गाव मागाहून कळतं.

आता मुद्द्यावर येते. जॅझचा प्राण उत्स्फूर्ततेत आहे. १९६० साली बर्लिनच्या मैफिलीत जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड गाण्याचे शब्द विसरली, तिथल्या तिथे नवे शब्द रचले, मधेच निरर्थक अक्षरांच्या लडी (यालाच स्कॅट म्हणतात) सोडल्या, आणि ते ध्वनिमुद्रण आज लोक डोक्यावर घेऊन नाचतात. गाणं तिथे फक्त निमित्त होतं. ऐन मैफिलीत राग मांडणाऱ्या ख्यालियाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. लेवेच्या गाण्यात असं क्वचित घडतं. तिचं बहुतेक गाणं आधी लिहिलेलं, बेतलेलं, वाद्यवृंदासाठी बांधलेलं असतं. मधे चार ओळींचा स्कॅट येतो, गोड असतो, पण त्यात धोका पत्करलेला नसतो. म्हणून तिला जॅझ गायिका म्हणू नये असं मला वाटतं. हे म्हणताना तिला कमी लेखण्याचा माझा जराही हेतू नाही.

'जॅझला वाचवलं' या वाक्याचा मात्र मला खरोखर राग येतो. जॅझ हे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय माणसांनी घडवलेलं संगीत आहे आणि ते काही मरायला टेकलेलं नाही. जॅझ गायिका समारा जॉय लेवेच्याच वयाची आहे, १९९९ मध्येच जन्मलेली, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली. २०२३ साली तिला जॅझ व्होकलची ग्रॅमी मिळालीच, शिवाय सर्वोत्तम नवोदित कलाकाराचीही मिळाली. सेसिल मॅक्लोरिन सल्व्हांट आहे, एस्परांझा स्पॉल्डिंग आहे. या बायका रोज मंचावर तो धोका पत्करतात. त्यांना न ऐकता कुणाला तारणहार ठरवणं हा त्यांच्यावरही अन्याय आणि लेवेवरही, कारण नसलेलं ओझं तिच्या डोक्यावर येतं.

मग लेवे कुठे बसते? याचं उत्तर मला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यसृष्टीत, सापडतं. ज्यांना आज आपण जॅझ स्टँडर्ड (जॅझवाले पुन्हा पुन्हा वाजवतात ती गाणी) म्हणतो त्यांतली कितीतरी गाणी मुळात नाटकांसाठी आणि सिनेमांसाठी लिहिलेली होती. जेरोम कर्न, कोल पोर्टर, जॉर्ज गर्श्विन यांनी ती आपल्या काळाचं लोकप्रिय संगीत म्हणूनच केली. जॅझवाल्यांनी ती उचलली आणि त्यांच्यावर आपले इमले चढवले. गर्श्विनने १९३० साली एका नाटकासाठी केलेल्या गाण्याची कॉर्डची चौकट तर इतकी वापरली गेली की वादक तिला नुसतं 'रिदम चेंजेस' म्हणतात. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करसारख्यांनी त्याच चौकटीवर नव्या चाली रचल्या. म्हणजे जॅझला कायमच चांगल्या गाण्यांची भूक होती आणि ती गाणी बरेचदा जॅझच्या बाहेरून आली. लेवे त्या रांगेतली आहे. गाणं लिहिणारी, चाल बांधणारी. तिला गायिका म्हणून मोजताना तिच्यातली रचनाकार आपल्या नजरेतून सुटते.

मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. १९१६ साली भास्करबुवा बखले यांच्यासारख्या अव्वल ख्यालियाने 'स्वयंवर'च्या पदांना चाली दिल्या. यमन आणि भीमपलास त्या पदांतून अशा घरांत पोहोचले जिथे कुणी रागाचं नावही घेतलं नसतं. नाट्यसंगीत म्हणजे ख्याल नव्हे, हे बुवांनाही ठाऊक होतं आणि रसिकांनाही. म्हणून कुणी त्याचं मोल कमी मानलं नाही, आणि पुढे ख्याल गाणाऱ्यांनीच ती पदं आपल्या मैफिलींत आणली.

हा वाद पूर्वीही झाला आहे. नोरा जोन्सचा पहिला अल्बम २००२ साली ब्लू नोट या जॅझच्या मातब्बर कंपनीकडून आला तेव्हाही असंच विचारलं गेलं होतं की हे जॅझ आहे का? पंडित रविशंकरांच्या या मुलीने तेव्हा ग्रॅमीच्या मुख्य विभागांत बाजी मारली होती. २०२३ च्या नाताळात नोरा आणि लेवे यांनी एकत्र गाणी केली. दोघींना एका गाण्यात ऐकताना मला फार समाधान वाटलं होतं.

तिचं सगळंच आवडतं असं नाही. व्हायोलिनांचा साज कधीकधी इतका दाट होतो की गाणं गुदमरतं. १९५० च्या काळातल्या सिनेमाचा धुकट गोडवा तिला फार प्रिय आहे आणि त्यात रमली की ती आजची राहत नाही. ड्रम्स बहुतेक वेळा भित्रे. २०२५ च्या 'अ मॅटर ऑफ टाइम'मध्ये तिने थोडी कटुता, थोडा राग येऊ दिला आहे, सूर मुद्दाम टोचू दिले आहेत, आणि मला ती वाट जास्त आशेची वाटते.

तिच्या मैफिलींचे व्हिडिओ बघताना श्रोत्यांकडेही लक्ष द्या. २०२२ मध्ये तिने रेक्याविकच्या हार्पा सभागृहात आइसलँड सिंफनीबरोबर कार्यक्रम केला, ऑगस्ट २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये तिथल्या फिलहार्मनिकबरोबर. समोर बहुतांश तरुण मुलंमुली, शब्द न् शब्द पाठ असलेली. त्यांच्यातल्या शंभरातल्या एकाने जरी घरी जाऊन एला ऐकली, चेलो हातात घेतला, किंवा 'ही कॉर्ड कोणती' असं कुणाला विचारलं, तरी मला पुष्कळ वाटेल.

ऐकायचं असेल तर 'बिविच्ड' सलग ऐका, फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून, नाहीतर खालच्या कॉर्डची सगळी गंमत हरवते. त्यानंतर लगेच समारा जॉयचा 'लिंगर अव्हाइल' लावा. एकीने गाणं कसं बांधलं आणि दुसरीने ते कसं मोकळं सोडलं, हे कानाला आपोआप कळेल. आणि तुमच्या ओळखीत कुणी ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारं असेल, तर लेवेचं एखादं गाणं त्यांना द्या, शब्द बाजूला ठेवून तिच्या कॉर्डवर हवं तिकडे भटकायला सांगा, आणि रेकॉर्डिंग झालं की मला पाठवा.