फास्ट लेन असं काही नसतं

एक्सप्रेसवेवर दुभाजकालगतच्या 'फास्ट लेन'मध्ये सतत चालवत राहावं का, यावरून काल रात्री जुन्या मित्रांच्या ग्रुपवर माझी आणि एकाची चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं एका ओळीचं: "मी बरोबर लिमिटवर चालवतो. मला ओव्हरटेक करायचं म्हणजे मागच्याला लिमिट मोडावीच लागणार. मग मी लेन का सोडू?" त्याला लगेच सात अंगठे मिळाले. माझ्या उत्तराला एकही नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लांबलं आहे, आधीच सांगतो.

पहिली कबुली माझीच. अनेक वर्षं मीही हेच करायचो. एक्सप्रेसवेवर शिरलो की थेट दुभाजकाकडची लेन पकडायची, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) लावायचा आणि पाय मोकळे सोडायचे. कडेच्या लेनमध्ये ट्रक, मधल्या लेनमध्ये सतत आत-बाहेर करणाऱ्या गाड्या. आपली लेन कशी एकदम शांत! ती शांत का आहे, तर मागचे पंधरा जण माझ्यामुळे अडकलेत, हे आरशात दिसायचं. पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं कधी वाटलंच नाही.

(मित्रयादीतले निम्मे लोक डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत आहेत आणि निम्मे उजवीकडून. त्यामुळे डावी-उजवी न म्हणता 'कडेची लेन' आणि 'दुभाजकाकडची लेन' म्हणतो. नियम दोन्हीकडे एकच आहे, फक्त आरशातल्यासारखा उलटा.)

माझ्या मते सगळा घोळ 'फास्ट लेन' या शब्दाने घातलाय. फास्ट लेन म्हटलं की माणसाला वाटतं, वेगात जाणाऱ्यांची लेन. मी वेगात जातोय, म्हणजे ही माझी लेन. नियमांच्या पुस्तकांत मात्र ती ओव्हरटेकची लेन असते. ब्रिटनच्या हायवे कोडचा २६४ क्रमांकाचा नियम सरळ सांगतो: कडेच्या लेनमध्ये राहा, ओव्हरटेक करायचा असेल तर बाहेर, म्हणजे दुभाजकाकडे या, आणि झाला की सुरक्षितपणे परत आत, कडेला जा. रस्ते वाहतुकीवरच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराचा गाभाही हाच, वाहन रस्त्याच्या कडेकडे ठेवायचं आणि ओव्हरटेक दुसऱ्या बाजूने करायचा. जर्मनीत तर कडेने चालणं ही कायद्याची सक्ती आहे. ऑटोबानच्या, म्हणजे तिथल्या एक्सप्रेसवेच्या, कितीतरी भागांवर वेगाची सक्तीची मर्यादाच नाही, ताशी १३० किलोमीटर ही नुसती शिफारस आहे. आता तिथे 'मी लिमिटवर आहे' हे कारण कुणाला सांगणार? तिथे लेन सोडण्याचा आणि वेगमर्यादेचा काडीचाही संबंध नाही.

आता मित्राच्या मुद्द्याकडे येतो, कारण वरवर तो बिनतोड वाटतो. एक म्हणजे, गाडीचा काटा खोटं बोलतो, आणि तेही नियमानुसार! संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीप्रमाणे अनेक देशांत स्पीडोमीटर बनतात, त्यात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला मनाई आहे. जास्त दाखवायला मुभा आहे, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर, इथपर्यंत. म्हणजे काट्यावर १०० दिसतात तेव्हा तू प्रत्यक्षात ९४ ने चालला असशील आणि मागचा बापडा लिमिटच्या आतच असेल. जीपीएस लावून एकदा ताडून बघ. दुसरं म्हणजे, मागच्याच्या गाडीत कोण आहे हे तुला माहीत नाही. आणि माहीत करून घ्यायची गरजही नाही. तो लिमिट मोडत असेल तर त्याला पकडायला कॅमेरे आहेत, पोलीस आहेत. तुला ते काम कुणी दिलेलं नाही. एक नियम पाळतोय म्हणून दुसरा मोडायची सूट मिळते, हे कुठून आलं?

ब्रिटनमध्ये विनाकारण मधली लेन अडवून बसणं हे बेफिकीर ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. ऑगस्ट २०१३ पासून पोलीस त्यासाठी जागेवरच दंड करू शकतात. सुरुवातीला तो १०० पौंड होता, शिवाय लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट. लिमिटच्या आत चालवत होतो, हे तिथे सांगून उपयोग नाही.

बरं, अडवल्याने होतं काय? मागचा थोडा वेळ थांबतो. मग डिपर मारतो. मग वैतागून आतल्या बाजूने, म्हणजे कडेच्या लेनमधून पुढे काढतो. इथे खरी भीती सुरू होते. चालक दुभाजकाच्या बाजूला बसलेला असतो, त्यामुळे त्याच्यापासून लांब असलेल्या बाजूचा ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशात न दिसणारा भाग, मोठा. ट्रक-ट्रेलरचा तर विचारूच नका, अख्खी कार त्यात गडप होते. तू शेवटी भानावर येऊन आत वळायला आणि तो आतून निघायला एकच गाठ पडते. एकाच बाजूने ओव्हरटेक करा असं सांगतात ते एवढ्यासाठीच, की प्रत्येकाला कुठे बघायचं हे आधीच ठाऊक असावं. संथ ट्रॅफिकमध्ये सगळ्याच लेन सरकत असतात, तेव्हा तुमची रांग शेजारच्या रांगेच्या पुढे सरकली तर तो गुन्हा नव्हे. ब्रिटनचे नियमही ते मान्य करतात, फक्त त्यासाठी मुद्दाम लेन बदलत फिरू नका म्हणतात.

पण म्हणून मागच्याची वकिली मी करणार नाही. बंपरला बोनेट चिकटवून डिपरचा मारा करणारा माणूस मला लेन अडवणाऱ्यापेक्षाही नकोसा वाटतो. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हणजे साधारण ५६ मीटर. हे पाच मीटरवर येऊन उभे! गंमत म्हणजे डिपरचा अर्थही देशागणिक बदलतो. जर्मनीत गावाबाहेर 'ओव्हरटेक करतोय' हे सांगायला डिपर चालतो, पण चिकटून धाक घातला तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. ब्रिटनमध्ये डिपर म्हणजे फक्त 'मी इथे आहे', त्याहून जास्त काही नाही. आपण मात्र डिपरमध्ये शिव्या, विनंती, आभार आणि सूचना असं सगळंच कोंबतो आणि समोरच्याने नेमकं ओळखावं अशी अपेक्षा ठेवतो.

ट्रकवाल्यांबद्दल. एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करायला निघतो आणि दोघं शेजारी-शेजारी अनंत काळ चालतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. जर्मन लोक याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात. शिवी देण्याआधी हिशेब बघा. युरोपात अवजड ट्रकना ताशी ९० चा स्पीड लिमिटर (त्याहून वेग वाढू न देणारं यंत्र) असतो. एक ८८ ने चाललाय, दुसरा ९० ने. फरक ताशी दोन किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. ट्रकांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून शंभर मीटर तरी कापायचे. तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात साडेचार किलोमीटर रस्ता मागे जातो. जर्मनीतल्या हाम इथल्या वरिष्ठ न्यायालयाने २००८ मध्ये असा ओव्हरटेक ४५ सेकंदांच्या आत आटपायला हवा, असा निकष धरला होता. खरं तर यावर सगळ्यात सोपा उपाय ८८ वाल्याच्या हातात असतो. त्याने दोन क्षण पाय उचलला की प्रश्न मिटला. आपण कारवाले तरी कुठे उचलतो? कुणी शेजारून निघाला की आपला पाय आपोआप दाबला जातो. हे मी स्वतःला अजूनही करताना पकडतो.

आणि एकाने ब्रेक मारला की काय होतं, त्याचा एक सुंदर प्रयोग जपानमध्ये झाला होता. युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या सोडल्या. सगळ्यांना सांगितलं, साधारण ३० च्या वेगाने चालत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. तरी थोड्या वेळात कोंडी तयार झाली आणि ती लाट ताशी सुमारे वीस किलोमीटरने मागे सरकत राहिली. २००८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एकाने वेग किंचित कमी केला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी. मोकळ्या रस्त्यावर कारण नसताना थांबलेलं ट्रॅफिक आठवा. कुठेतरी मैलभर पुढे कुणीतरी आत घुसलेलं असतं किंवा लेन अडवून बसलेलं असतं, आणि तोवर ते घरीही पोचलेलं असतं.

यातलं बरंचसं ग्रुपवरही लिहिलं होतं. त्यावर मित्राने जे विचारलं, तो मात्र खरा प्रश्न होता: "कडेच्या लेनमध्ये ठरावीक अंतराने ट्रकच असतील, तर काय दर वेळी आत-बाहेर, आत-बाहेर करू?"

मी कागद-पेन घेऊन बसलो. ट्रक ८० ने, मी १०० ने. फरक सेकंदाला साडेपाच मीटर. एका ट्रकला ओव्हरटेक करायला, मागे-पुढे पुरेशी जागा ठेवून, वीस-बावीस सेकंद लागतात आणि सहाशेएक मीटर रस्ता. आता दोन ट्रकांमध्ये तीनशे मीटर मोकळे असतील, तर पहिल्याच्या पुढे पन्नास आणि दुसऱ्याच्या मागे पन्नास सोडून दोनशे उरतात. म्हणजे छत्तीस सेकंद मी निवांत आत राहू शकतो. तेवढ्यात मागच्या चार-पाच गाड्या सहज निघून जातील. शंभरच मीटर मोकळे असतील तर आत जाऊच नये, लगेच बाहेर यावं लागेल आणि तो सर्पासारखा वळवळणारा प्रवास जास्त धोक्याचा. मधल्या अंतरांसाठी मी स्वतःपुरतं ठरवलंय: आत गेल्यावर किमान दहा सेकंद राहता येत असेल तर जायचं. आणि मागे कुणी येऊन ठेपलं असेल तर पाच सेकंदांसाठीही जायचं, पण आरसा, इंडिकेटर आणि खांद्यावरून एक नजर टाकल्याशिवाय नाही.

हे त्याला पाठवलं. दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलेलं नाही. बहुतेक गाडी चालवत असावा.