दमलंय कोण: कार्ड की प्रोसेसर?

संक्रांतीला भाचा घरी आला. माझा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत त्याचे दोन तिळाचे लाडू खाऊन झाले. मग म्हणाला, "मामा, एक लाडू यालाही द्या आणि निरोप द्या."

२०१७ च्या दिवाळीत इंदूरच्या सिल्वर मॉलमधून जोडून आणलेली मशीन आहे ही. इंटेलचा आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, बी २५० चा मदरबोर्ड आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, सहा जीबीवालं. तेव्हा राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत हा तोफखाना होता. सौ.ला किंमत निम्मीच सांगितली होती. तो गुन्हा आता मुदतबाह्य झाला असं मी धरून चालतो.

भाच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, कारण वरूनच पत्रं आली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सेवा संपली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि माझा प्रोसेसर सातवीचा, म्हणजे एका इयत्तेनं नापास. वर्षभराची जादा मुदत घेता येते, पण ती शेवटी मुदतच. त्याच ऑक्टोबरात एनव्हिडियानं १०६० च्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, देणं बंद केलं. आता फक्त सुरक्षेची डागडुजी, तीही २०२८ पर्यंत. त्यात 'डूम : द डार्क एजेस'सारखे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढणारं) कार्ड नसेल तर दारातूनच परत पाठवतात.

बजेट चाळीस हजार. एक रुपया वर नाही, कारण पुढच्या महिन्यात मुलीची फी आहे.

भाचा म्हणाला, कार्ड बदला. सिल्वर मॉलमधला दुकानदारही तेच म्हणाला, "भिया, कार्ड डाल लो, मशीन उड़ने लगेगी." अठ्ठावीस हजारांचं नवं कोरं कार्ड त्यानं काउंटरवर ठेवलं होतं, तीन पंख्यांचं. खरं सांगतो, हात खिशाकडे गेला होता. माझं यूपीआयच त्या दिवशी चालेना म्हणून वाचलो.

घरी आलो आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. 'सायबरपंक २०७७' हा गेम लावला, त्यातल्या बाजारात गर्दी असते तिथे जाऊन उभा राहिलो आणि आकडे पाहिले. १०८० पिक्सेलवर सेकंदाला ३४ फ्रेम, म्हणजे ३४ चित्रं. मग रिझोल्यूशन ७२० वर आणलं, चित्रातले ठिपके कमी केले, म्हणजे कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी झालं. फ्रेम किती झाल्या? ३७. कार्ड साठ टक्क्यांवर आरामात, आणि प्रोसेसरचे चारही कोर (काम करणारे चार मेंदू म्हणा) शंभरावर धापा टाकतायत.

यावरून कळतं ते असं. रिझोल्यूशन कमी केल्यावर वेग चांगला वाढला, तर कार्ड कमी पडत होतं. फारसा फरकच पडला नाही, तर दोष प्रोसेसरकडे. अठ्ठावीस हजारांचं ते कार्ड बसवलं असतं तरी त्या बाजारात ३७-३८ च्या वर गेलो नसतो. प्रोसेसर जेवढं वाढेल तेवढंच कार्डाच्या पानात पडणार ना! गेम बनवणाऱ्यांनीही हे लिहूनच ठेवलंय. २०२३ च्या मोठ्या अपडेटच्या वेळी त्यांनी किमान गरजेची यादी वाढवली, त्यात कार्ड माझंच आहे, १०६० सहा जीबी. प्रोसेसर मात्र आय-सेव्हन ६७००, चार कोर आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळणारा. माझ्याकडे चार आणि चारच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की 'आधी कार्ड' हा सल्ला सरसकट देणं थांबवा. पाच मिनिटांची परीक्षा आहे, फुकट आहे. दुकानदार ती करायला सांगणार नाही, कारण कार्ड विकण्यात त्याला जास्त पैसे आहेत. भाचा सांगणार नाही, कारण त्याला कार्ड बघायचं आहे.

बरं, प्रोसेसर बदलायचा तर कोणता? याच बोर्डावर जुना आय-सेव्हन ७७०० बसतो. पण तोही सातवीचाच, म्हणजे विंडोजचं दुखणं तसंच राहणार. आठव्या पिढीच्या सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचा, आकडाही ११५१ च आहे, पण इंटेलनं त्याला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) सक्तीचा केला. किल्ली कुलपात जाते, फिरत नाही. पुण्याच्या माझ्या मावसभावानं २०१७ मध्येच एएमडी कंपनीचा रायझेन १६०० प्रोसेसर घेतला होता. त्यानं त्याच बोर्डाचा बायोस, म्हणजे त्यातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा रायझेन ५ ५६०० बसवला. बोर्ड तोच, कोर सहा, थ्रेड बारा. तेव्हा मी त्याला फोनवर हसलो होतो. आता तो दर सणाला आठवणीनं फोन करतो.

तर बोर्डासकट बदलायचं ठरलं. मग खरा प्रश्न रॅमचा. भाच्याच्या मते एएमडीचं नवं सॉकेट एएम५ घ्यावं, पुढे प्रोसेसर बदलायची सोय राहते. एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण एएम५ ला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम लागते, आणि रॅमचे भाव बघितलेत का तुम्ही? एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचललाय. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की तुमच्या-आमच्यासाठीचा क्रुशिअल ब्रँड गुंडाळतोय. अशा वेळी माझ्या जुन्या मशीनमध्ये आधीच्या पिढीच्या डीडीआर४ च्या आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक पडून आहेत, एक पहिल्या दिवसापासूनची, एक लॉकडाऊनमध्ये घातलेली. वेग २४०० चा आहे, ३२०० चा असता तर रायझेन जास्त खुश झाला असता. पण घरात आहे ती रॅम टाकून, तिच्या कितीतरी पट पैसे देऊन नवी आणायची? आमच्या आजीनं जीरावणाची (पोह्यांवर घालतात त्या मसाल्याची) रिकामी बरणीसुद्धा कधी फेकली नाही.

म्हणून डीडीआर४ वर चालणारं जुनं सॉकेट, एएम४. रायझेन ५ ५६०० साडेअकरा हजार, बी ५५० बोर्ड साडेआठ. इंटेलचा १२४००एफ प्रोसेसर डीडीआर४ च्या बोर्डावर चालला असता, तोही सहा कोरांचा आणि चांगलाच, पण त्या दिवशी ही जोडी स्वस्त पडली.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र मी भांडून पैसे खर्च केले. जुन्यावर '४५० वॅट' असं स्टिकर होतं, कंपनीचं नाव धड वाचता येत नव्हतं. २०१७ मध्ये मशीन जोडून देणाऱ्यानं कॅबिनेटबरोबर 'फ्री' दिला होता. फुकटच्या एसएमपीएससारखी महाग वस्तू नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दिवसातून तीनदा डोळे मिचकावते, आणि असा एसएमपीएस जळताना शेजारच्या भागांनाही घेऊन जातो. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा, बेचाळीसशेला आणला. साडेचार हजारांचा ५०० जीबीचा एनव्हीएमई, म्हणजे फाइली ठेवायचा वेगवान ड्राइव्ह. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, सगळं जुनंच. एकूण २८,७००.

मधल्या काळात कन्सोलचा आणि लॅपटॉपचाही विचार झाला. कन्सोलवर मुलीचा प्रोजेक्ट आणि सौ.चं एक्सेल होत नाही, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये गोळा केलेले शंभरावर गेम वाऱ्यावर जातात. गेमिंग लॅपटॉप चाळीस हजारांत नवा मिळत नाही, आणि मे महिन्यात इंदुरात तो मांडीवर घेऊन दाखवावा कोणीतरी.

जोडून झाल्यावर त्याच बाजारात जाऊन उभा राहिलो. कार्ड तेच, फ्रेम पन्नासच्या आसपास. आता कार्ड शंभरावर आणि प्रोसेसर निवांत. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, साठाच्या वरच्या फ्रेम तो दाखवणारच नाही. म्हणजे मला उडणाऱ्या मशीनची गरजच नव्हती.

उरले ११,३००. त्यात बसलं तर वापरलेलं आरएक्स ६६०० हे कार्ड घ्यायचा विचार आहे. आठ जीबी, रे ट्रेसिंग आहे, १३२ वॅटमध्ये भागतं. विजय नगरला एक बघूनही आलो. गृहस्थ चहा पाजायला तयार, पण कार्डावर पंधरा मिनिटं गेम चालवून दाखवायला तयार नाहीत. हे कार्ड ऑक्टोबर २०२१ चं, आणि इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून चलन कमावणं) थांबलं सप्टेंबर २०२२ ला. मधल्या अकरा महिन्यांत कोणत्या कार्डानं रात्रंदिवस काय केलं ते त्याच्या पंख्याचा आवाजच सांगतो. चहा पिऊन परत आलो. आणि जुनं घेतलं तरी १०६० विकणार नाही. ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, उद्या ते कार्ड गेलं तर स्क्रीन काळी.

पैसे पाकिटात घालून कपाटात ठेवले होते. काल बघितलं तर त्यावर सौ.च्या अक्षरात 'फ्रिज दुरुस्ती' लिहिलंय. तेव्हा इंदूरकरांनो, कोणाकडे बिलासकट आरएक्स ६६०० असेल आणि माझ्या मशीनवर वीस मिनिटं चालवू देणार असाल, तर या रविवारच्या आत मेसेज करा. फ्रिजवाला सोमवारी येतोय.