बदल कोणी केला?

मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही चौघांनी, म्हणजे आई, मावशी, पत्नी आणि मी, मुंबईहून थेट जाणाऱ्या विमानाची तिकिटे साडेतीन महिने आधी काढून ठेवली होती. प्रत्येकी ६,२०० रुपये, चौघांचे मिळून २४,८०० रुपये. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या मार्गावर एकच कंपनी उडत होती आणि शहर सांगितले की कंपनी सांगितल्यासारखेच होईल. प्रवासाला एकोणीस दिवस उरले असताना ईमेल आला की 'परिचालनाच्या कारणास्तव' आम्ही हा मार्ग बंद करीत असून आपली तिकिटे दिल्लीमार्गे जाणाऱ्या विमानावर हलवली आहेत. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मुंबई सोडायची, दिल्लीच्या विमानतळावर तासन्तास काढायचे आणि संध्याकाळी साडेसातला उतरायचे. सीमांतपूजन सहा वाजता होते.

मी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन करून आदल्या दिवशीचे विमान मागितले. त्या दिवशी त्यांच्याच दिल्लीमार्गे विमानात जागा शिल्लक होत्या. त्या मला संकेतस्थळावर दिसत होत्या. पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले की तारीख बदलायची असेल तर प्रत्येक तिकिटामागे ३,००० रुपये चेंज फी आणि ४,७०० रुपये भाड्यातील फरक द्यावा लागेल. चौघांचे ३०,८०० रुपये. मूळ तिकिटांपेक्षा तिकिटांतला बदल सहा हजारांनी महाग. बदल नको असेल तर पूर्ण परतावा घ्या, असेही तिने सुचवले. परताव्याच्या ६,२०० रुपयांत त्या आठवड्यात मुंबईहून तिकडे कोणीही नेत नव्हते, हे तिलाही समोरच्या पडद्यावर दिसत असणार.

माझा आक्षेप चेंज फी या गोष्टीलाच नाही. मी माझ्या सोयीसाठी प्रवास पुढे ढकलला तर कंपनीने पैसे घ्यावेत. स्वस्त तिकीट स्वस्त असते ते याच अटीवर. परंतु येथे मी काहीही बदललेले नव्हते. माझ्याकडे ठरलेल्या दिवसाचे, ठरलेल्या वेळेचे, थेट विमानाचे तिकीट होते आणि ते विमान कंपनीने काढून घेतले. त्यानंतर मी जे मागतो आहे तो त्या मोडलेल्या कराराचा उरलेला भाग आहे, नवी सवलत नव्हे.

एका परिचित तिकीट एजंटाने, जे या व्यवसायात तीस वर्षे आहेत, मला एक शब्द दिला. ते म्हणाले, "इन्व्हॉलंटरी म्हणून मागा, साधा बदल म्हणून मागू नका." प्रवाशाने स्वतः केलेला बदल व्हॉलंटरी आणि कंपनीमुळे करावा लागलेला बदल इन्व्हॉलंटरी, असा भेद या व्यवसायात फार पूर्वीपासून आहे. विमानातील शेजारशेजारच्या दोन आसनांची भाडी वेगळी असतात, कारण कंपनी आसनांचे अक्षरांनी ओळखले जाणारे भाडेवर्ग पाडते आणि स्वस्त वर्ग संपला की महाग वर्ग उघडते. बदल इन्व्हॉलंटरी धरला तर मूळ वर्ग संपला असला तरी रिकाम्या आसनावर जादा पैसे न घेता तिकीट देता येते. हा शब्द उच्चारल्यावर फोन वरिष्ठांकडे गेला आणि १२,००० रुपयांची चेंज फी माफ झाली. भाड्यातील फरक मात्र 'सिस्टिम घेत नाही' म्हणून कायम राहिला. लग्न चुकवता येणार नव्हते. मी १८,८०० रुपये भरले. ज्यांना असा एजंट ओळखीचा नाही त्यांनी सगळेच भरले असतील.

नियम काय सांगतो तेही पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, उड्डाण रद्द होण्याविषयीच्या नियमावलीनुसार कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवायचे आणि प्रवाशाला मान्य होईल असे पर्यायी विमान किंवा परतावा द्यायचा. वेळेत न कळवल्यास उड्डाणाच्या कालावधीनुसार कमाल ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये भरपाई आहे. आम्हाला एकोणीस दिवस आधी कळवले, त्यामुळे भरपाईचा प्रश्न मिटला आणि 'प्रवाशाला मान्य होईल असे' एवढेच शब्द हाती उरले. मान्य होईल असे म्हणजे नेमके काय, तारीख मागेपुढे करता येईल का, त्यासाठी भाड्यातील फरक घेता येईल का, यावर कंपनी आपल्या सोयीचा अर्थ लावते. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात हे स्पष्ट लिहिलेले आहे: परतावा, लवकरात लवकर पर्यायी प्रवास, किंवा जागा उपलब्ध असल्यास प्रवाशाच्या सोयीच्या नंतरच्या तारखेला प्रवास, यांतून निवड प्रवाशाने करायची. हा नियम युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही लागू आहे. म्हणजे पॅरिसहून मुंबईला येताना प्रवाशाला जी निवड मिळते, तिची स्पष्ट हमी मुंबईहून देशातल्या देशात जाताना मिळत नाही.

मार्ग बंद होणे हा आपल्याकडे अपवादही राहिलेला नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार लहान शहरे विमानाने जोडण्याच्या उडान योजनेतील ७७४ मार्गांपैकी प्रत्यक्षात ३७१ सुरू झाले आणि तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ती अवघ्या ११२ मार्गांनी. मुंबईची गोष्ट तर आणखी अवघड. सांताक्रूझच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, साहजिकच येथील प्रत्येक स्लॉट, म्हणजे विमान उडण्या-उतरण्यासाठी नेमून दिलेली वेळ, सोन्याच्या मोलाचा असतो आणि कमी कमाईच्या मार्गाचा स्लॉट जास्त कमाईच्या मार्गाला देण्याचा मोह कोणत्याही कंपनीला होणारच. तो कंपनीचा व्यावसायिक निर्णय आहे आणि तिने तो खुशाल घ्यावा. फक्त त्याचा खर्च आधीच तिकीट काढलेल्या प्रवाशाच्या माथी मारू नये. (२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटू लागली आहेत. बोरिवलीच्या माणसाला उद्या सांताक्रूझऐवजी तेथून विमान दिले, तर त्याला 'किरकोळ बदल' म्हणतील की काय, अशी मला शंका आहे.)

हे जमत नाही असेही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हा सरकारने परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत देण्याचा आणि बाधित प्रवाशांकडून तारीख बदलण्याचे शुल्क न घेण्याचा आदेश काढला, शिवाय भाड्यांवर अंतरानुसार ७,५०० ते १८,००० रुपयांची तात्पुरती मर्यादा घातली. हजारो लोक विमानतळांवर अडकले म्हणून जे एका आदेशात शक्य झाले, ते चार जण घरात अडकले तरी लागू व्हावे अशी कायमची तरतूद डीजीसीएने नियमावलीत करावी: मार्ग कंपनीने बंद केला असेल तर ठरावीक दिवसांच्या आतील कोणत्याही उपलब्ध विमानावर चेंज फी नाही आणि भाड्यातील फरकही नाही. दुसरे कलम पहिल्यापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण फी माफ करून फरकातून वसुली कशी होते हे मी अनुभवले आहे.

लग्नाहून परतल्यावर मी विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली. कंपनीचे उत्तर असे आले की प्रवाशाला पर्यायी विमान वेळेत देण्यात आले होते आणि पुढील बदल प्रवाशाने 'स्वेच्छेने' केला. आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. मागणी १८,८०० रुपये आणि तक्रारीच्या खर्चाची आहे. पुरावा म्हणून कंपनीचा तो पहिला ईमेल जोडला आहे, कारण त्याच्या दुसऱ्याच ओळीत 'आम्ही हा मार्ग बंद करीत आहोत' असे कंपनीने स्वतः लिहिलेले आहे.